न पाहिलेला अधिकारी

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं परदेशी यंत्र उतरलं, तरी मन अजून न्हावा-शेवा बंदरातच घुटमळतंय.

सीमाशुल्काचा कायदा 1962चा. रीत मात्र बदलत राहते. 2021पासून बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र, साधारणपणे जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावं लागतं, सुट्टी असली तरी. 2020पासून कागद तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात असू शकतो. शंका पडद्यावर येते, उत्तरही पडद्यावरूनच जातं. ओळखी-वशिल्याला वाव कमी झाला, हे मला मनापासून पटतं. पण आपलं म्हणणं त्या न पाहिलेल्या अधिकाऱ्यापर्यंत नीट पोचलं का, ही हुरहुर काही जात नाही.

यंत्राचा कंटेनर उघडण्याआधी सीलचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. बोटभर लोखंडी खिळा, त्यावर प्लास्टिकचं टोपण, टोपणावर कोरलेले आकडे. कटरने तो तुटेना. दोघांनी जोर लावला. कुणा अनोळखी हातांनी लावलेलं हे सील वाटेत सगळ्यांनी मानलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

इथे आमच्या पारनेरच्या बाजारात अजून चेहरा पाहून उधारी मिळते. समुद्रापलीकडच्या माणसाला चेहरा नसतो; तिथे कागदच बोलतो. मग तपासणी म्हणजे संशय की काळजी? आज काळजी वाटते. माल अडकला असता, तर असंच वाटलं असतं का, कोण जाणे.