गळाला लागलंय औंढे!

लोणावळा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? चिक्की, भुशी डॅमच्या पायऱ्या, टायगर पॉइंटवरची कांदाभजी आणि रविवारी संध्याकाळचं ते न संपणारं ट्रॅफिक जॅम! दर विकेण्डला तीच गर्दी, तोच भाजलेला मका, तेच फोटो. पण भांगरवाडीतून बाहेर पडून दुधिवरे खिंडीच्या रस्त्याला लागलात, तर चित्र एकदम बदलतं. गर्दी मागे राहते आणि औंढे येतं. एकीकडे एक्स्प्रेस-वेवरून गाड्या सुसाट पळताहेत आणि इकडे भाताच्या खाचरात बगळे निवांत उभे आहेत, असा हा परिसर.

औंढ्यात 'पॉइंट' नाही, 'सेल्फी स्पॉट'ची पाटी नाही. पण हातात गळ असेल, तर यासारखी मोक्याची जागा शोधून सापडणार नाही. कारण हे गाव दोन नद्यांच्या मधे आहे. अलीकडच्या ओढ्यांचं पाणी इंद्रायणीला जातं आणि खिंड ओलांडली की पवनेचं खोरं सुरू होतं. इंद्रायणी देहू-आळंदी करत तुळापूरला भीमेला भेटते. पवना दापोडीला मुळेत मिसळते आणि मुळा-मुठेबरोबर शेवटी तीही भीमेतच जाते. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर पडलेला पाऊस दोन वाटांनी एकाच नदीला पोचतो. मासे मात्र दोन्हीकडचे वेगळ्या स्वभावाचे. ओढ्यात चपळ आणि बारीक, तर पवनेच्या बॅकवॉटरमध्ये जाडजूड आणि आळशी.

हे ज्ञान अर्थात माझं नाही. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं आहे. खडकीला नोकरी केली, रिटायर झाले आणि गेली चाळीस वर्षं सुट्टीच्या दिवशी पाण्याकाठी सापडतात. 'नाव छापू नकोस हं, नाहीतर सगळं पुणं माझ्या जागेवर येऊन बसेल!' या अटीवर त्यांनी मला नोव्हेंबरातल्या एका पहाटे सोबत नेलं. संबंधित मच्छीमार सोसायटीची परवानगी त्यांनी आदल्या आठवड्यातच काढली होती. बहुतेक धरणांतली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. त्यामुळे 'पाणी काय कुणाच्या बापाचं आहे?' हा डायलॉग इथे चालत नाही.

सामान कसलं घ्यायचं?

'टीव्हीवर बघून दुकानात गेलीस तर पंधरा हजार उडवशील आणि घरी येऊन काठी माळ्यावर टाकशील,' काकांनी गाडीतच बजावलं. त्यांच्या मते पहिली काठी सात ते आठ फुटांची, मध्यम ताकदीची आणि दोन तुकड्यांत सुटणारी हवी. म्हणजे बाइकवरूनही नेता येते. तिला स्पिनिंग रील, ३००० साइजचं. त्यावर साधी नायलॉनची मोनो लाइन, जाडी ०.२८ ते ०.३० मिलिमीटर. लाइन रीलच्या काठापासून दोनेक मिलिमीटर खाली राहील इतपतच भरायची. जास्त भरली तर गुंता, कमी भरली तर फेक लांब जात नाही.

गळाचं गणित उलटं असतं. आकडा जितका मोठा, तितका गळ लहान. रोहूला सहा नंबर, चिलापीला आठ ते दहा आणि ओढ्यातल्या बारक्या माशांना बारा-चौदा. एकच घ्यायचा झाला तर आठ नंबर. आणि घेतल्याबरोबर पहिलं काम म्हणजे पकडीने गळाचा काटा दाबून सपाट करायचा. 'मग मासा सुटणार नाही का?' असं मी विचारलं. 'दोर ढिला सोडलास तर सुटेल. ताणून ठेवलास तर नाही. आणि उद्या तोच गळ तुझ्या बोटात गेला तर डॉक्टरकडे जायची वेळ येणार नाही!' काकांनी अनुभवाचे बोल ऐकवले.

गाठसुद्धा शिकावी लागते. दोर गळाच्या नाकातून ओवायचा, मूळ दोराभोवती पाच वेढे द्यायचे, टोक नाकाजवळच्या छोट्या फाशातून आणि मग मोठ्या फाशातून काढायचं. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची. ऐकायला कसंतरी वाटतं, पण कारण पक्कं आहे. सुका नायलॉन घासला की तापतो आणि तापला की तिथेच कमकुवत होतो. मोठा मासा तुटून जातो तो बहुतेक वेळा या गाठीशीच.

सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे रीलचा ड्रॅग. म्हणजे किती ओढ बसल्यावर रीलने आपणहून दोर सोडायचा ते ठरवणारी चकती. दोराची ताकद पाच किलो असेल, तर साधारण दीड किलोच्या ओढीला रील फिरायला हवं. हे घरीच तपासता येतं. दोराला दीड लिटरची भरलेली पाण्याची बाटली बांधायची आणि रीलजवळून दोर सरळ वर उचलायचा. बाटली जमिनीवरून सुटता सुटता रील करकरलं की ड्रॅग बरोबर. सिंपल!

तीन मजली चाळ

पवनेच्या काठी पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. पलीकडे तुंग आणि तिकोना नुसते टोकांपुरते दिसत होते. काकांनी डबा उघडला. आत कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि किंचित गूळ एकत्र मळलेला गोळा होता. कणीक पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट हवी, नाहीतर फेकतानाच गळावरून उडून जाते. बोराएवढी गोळी गळावर लावायची आणि गळाचं टोक जरासं बाहेर ठेवायचं. शिवाय भाताचा कोंडा आणि पेंडीचे दोन-तीन लाडू आधी पाण्यात टाकायचे. 'आमंत्रण द्यायचं, जेवण वाढायचं नाही. पोट भरलं तर तुझ्या गोळीकडे कोण बघणार?'

आता गोळी किती खोल ठेवायची? इथे काकांची थिअरी भन्नाट आहे. 'तळं म्हणजे तीन मजली चाळ समज. वरच्या मजल्यावर कटला, मधे रोहू, तळमजल्यावर मृगळ. ज्याच्याकडे जायचंय त्याच्याच दारावर टकटक करायची.' तरंग वर-खाली सरकवून खोली ठरवायची ती याचसाठी. तोंडं बघूनही हे कळतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तर मृगळाचं खालच्या. थंडीत पाणी गार पडलं की मासे सुस्तावतात. मग गोळी लहान करायची आणि धीर मोठा!

तरंग थरथरला की लगेच ओढायचं नाही. मासा चाखत असतो. तरंग तिरका सरकायला लागला किंवा बुडाला की मनगटाने एक छोटा झटका द्यायचा, क्रिकेटमधला हूक नाही! त्यानंतर काठी वर धरायची आणि मासा पळाला तर पळू द्यायचा. थांबला की काठी मागे घ्यायची, पुढे झुकवताना रील गुंडाळायची. माझ्या गळाला सकाळी आठच्या सुमारास किलोभराचा रोहू लागला तेव्हा हात अक्षरशः थरथरत होते. तो तीनदा पळाला, रील तीनदा करकरली आणि चौथ्यांदा तो काठाशी आला. त्याआधी हात पाण्यात बुडवून ओले करायचे हे काकांचं फर्मान. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत. कोरड्या हाताने धरला की ते निघतं आणि सोडल्यावरही तो आजारी पडतो. माझा रोहू पाण्यातल्या पाण्यातच सोडवून परत गेला.

नंतर लागलेल्या दोन चिलापी मात्र पिशवीत गेल्या. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात आली १९५२मध्ये. भराभर वाढते आणि इथल्या माशांची जागा खाते. 'हिला परत सोडायचं पुण्य करू नकोस,' काका म्हणाले.

पुण्याचा खरा मासा

गंमत म्हणजे रोहू, कटला, मृगळसुद्धा इथले नव्हेत. हे गंगेच्या खोऱ्यातले पाहुणे, बीज सोडून आपल्या धरणांत आणलेले. मग इथला घरचा मासा कोणता? तो म्हणजे महासीर. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. आजही त्याचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री' आहे. जाड ओठ, मोठे खवले आणि जबड्यात दात नाहीत. दात असतात घशात आणि त्यांनी तो शिंपलेही चुरडतो. त्याची पहिली धाव अशी असते की ड्रॅग चुकीचा लावणाऱ्याच्या हातात नुसती काठी उरते.

या माशाला वाचवायचं काम झालं ते औंढ्याच्या शेजारीच, लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी महासीरच्या प्रजननाचा अभ्यास केला आणि १९७०च्या दशकापासून टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवली जाऊ लागली. हे सोपं नव्हतं. रोहू वजनाच्या किलोमागे लाखांनी अंडी घालतो, महासीर हजारांनी. एकेक पिल्लू मोलाचं. आज हा मासा जगाच्या लाल यादीत 'धोक्यात' या गटात राहिलेला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. लोणावळ्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथे मुळात वेगळा, पाठीवर कुबड असलेला महासीर होता. पाहुणा वाढला, घरचा घटत गेला. २०१८मध्ये शास्त्रज्ञांनी त्या कुबडवाल्याची 'टॉर रेमादेवी' म्हणून नेमकी ओळख पटवली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता. म्हणजे एका नदीतलं पुण्य दुसऱ्या नदीत पाप ठरू शकतं! मासा जिथला, तिथेच सोडायचा. हौसेने बादलीत भरून दुसऱ्या तळ्यात नेऊ नये.

नदीची सुट्टी

परतताना औंढ्याच्या ओढ्यावर थांबलो. एक आजी भांडी घासत होत्या. आमच्या काठ्या बघून हसल्या. 'पयल्या पावसाला मासं पार खाचरात चढायचं बाळा. टोपल्यानं धरायचो. आता कुठंकुठं पावडर मारत्यात, मग पिलू बी ऱ्हात न्हाई.'

पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर. पाण्यात विष कालवणं किंवा स्फोट करून मासे मारणं हा १८९७च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पण आजींच्या बोलण्यातला दुसरा मुद्दा जास्त अवघड. चढणीचे मासे म्हणजे पोटात अंडी घेऊन प्रवाहाच्या उलट निघालेल्या माद्या. टोपलीभर धरले तर ओढा सोसतो. मच्छरदाणी आडवी बांधून सगळेच धरले, तर पुढच्या वर्षी चढायला कुणी उरत नाही. रोहू, मृगळ, महासीर या सगळ्यांचा विणीचा काळ पावसाळाच.

काकांचा नियम सरळ आहे. १ जूनला काठी कपाटात, ३० सप्टेंबरनंतर बाहेर. 'समुद्रात १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात ना? मग नदीला आपणच सुट्टी द्यायची. चाळीस वर्षांत एकदाही मोडला नाही हा नियम. म्हणून तर अजून काहीतरी लागतं गळाला!'

या नियमाचा दुसरा फायदा म्हणजे आपला जीव. ३० जून २०२४ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल कोसळून चौघांनी प्राण गमावले. मावळातलं पावसाळी पाणी दहा मिनिटांत रंग बदलतं. ते गढूळ होऊन वाढायला लागलं की सामान तिथेच टाकून वर निघायचं. काठी पुन्हा घेता येते.

दुपारी एका घरगुती खानावळीत आमच्याच चिलापीचं कालवण झालं, सोबत तांदळाची भाकरी आणि वाफाळता इंद्रायणी भात. हा तांदूळही इथलाच, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला. फाइव्ह स्टार बुफे झक मारेल अशी चव!

कसं जाल? पुण्याहून लोकलने लोणावळा, तिथून भांगरवाडीमार्गे रिक्षाने औंढे. स्वतःची गाडी असेल तर पुढे दुधिवरे खिंडीतून पवनेच्या काठापर्यंत जाता येतं.

कधी जाल? ऑक्टोबर ते मे. पहाट किंवा संध्याकाळ. उन्हाळ्यात दहानंतर सावलीत झोपा काढा.

काय न्याल? टोपी, पकड, छोटी कात्री, पिण्याचं पाणी आणि एक रिकामी पिशवी. ही पिशवी तुटलेल्या दोरासाठी. काठावर टाकलेला नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही आणि बगळ्याच्या पायात अडकतो. परवानगीशिवाय गळ टाकू नका. टाटांच्या तलावांवर तर नाहीच नाही.