टाकीतले पोलाद

लोखंडाला आठवण असते का, असे विचारले तर शहाणी माणसे हसतील. वितळलेल्या लोखंडाचा खिळाही होतो नि खुरपेही. पूर्वजन्मीचे नाव काही ते सांगत नाही. तरीही २०१६ साली बजाज कंपनीने ‘व्ही-१५’ नावाची मोटारसायकल बाजारात आणली, ती अशाच एका पूर्वजन्माची ग्वाही देत.

‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू युद्धनौका. १९६१ साली ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्या बॉयलरला तडे गेलेले होते. तशाही स्थितीत ती बंगालच्या उपसागरात उभी ठाकली आणि तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव व कॉक्स बझारवर मारा केला. १९९७ साली ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबईत तिचे संग्रहालय होते. तेही बंद पडले आणि २०१४ साली दारूखान्यात ती मोडायला घेतली गेली. त्या मोडीतले काही पोलाद बजाजने विकत घेऊन वितळवले आणि या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीसाठी वापरले.

एरवी गाडी साधी. १४९.५ सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन, १२ अश्वशक्ती, पाच गिअर. शेताच्या वाटेला नि बाजाराला पुरून उरावी, एवढीच तिची ऐट.

आमच्या वाशीम जिल्ह्यापासून समुद्र शेकडो कोस दूर. शेजारच्या तरुणाने ही फटफटी घेतली, तेव्हा जाहिरातीतला सगळा इतिहास त्याने मला घडाघडा म्हणून दाखविला. ओट्यावर त्याचे आजोबा बसले होते. तरुणपणी ते नौदलात होते, एवढेच घरात सर्वांना ठाऊक. नातवाचे बोलणे संपल्यावर म्हातारा हळूच म्हणाला, “त्या जहाजाच्या पोटात मी तीन वर्सं झोपलो, गुरुजी. बॉयलरपाशी उभं राह्यलं का कातडं भाजे.”

नातू चपापला. “आबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाही?”

“तू इचारलं कधी?”

गाडी खपावी म्हणून कंपनीने हा इतिहास सांगितला, यात शंका नाही. एकेका टाकीच्या वाट्याला त्या पोलादाचा कितीसा अंश आला असेल, असेही कुणी म्हणेल. पण एका घरात दोन पिढ्या एका ओट्यावर बसत होत्या आणि त्यांच्यामधला प्रश्न विचारला गेला, तो त्या अंशाच्या निमित्ताने. घरोघरी असे बॉयलर निवलेले असतात. आपण त्यांना ‘म्हातारपण’ म्हणतो आणि पुढे जातो.

‘व्ही-१५’ चे उत्पादन केव्हाच थांबले. २०२२ साली कोचीला नवी ‘विक्रांत’ नौदलात आली. शेजारची गाडीही आता खडखडू लागली आहे. तिची टाकी एक दिवस भंगारात जाईल. नातू मात्र संध्याकाळी वही घेऊन आबांजवळ बसतो. काही सोबत्यांची नावे आठवत नाहीत, काही बंदरे एकमेकांत मिसळतात. उरले आहे तेवढे तो उतरवून घेतो.