बारा नोव्हेंबर

वर्तमानपत्रातला दिनविशेषाचा चौकोन वाचायची मला जुनी खोड आहे. गोमती नगरात मराठी पेपर दारात पडत नाही, म्हणून हल्ली तो फोनवर वाचते. बारा नोव्हेंबरचा चौकोन भरगच्च असतो. १८८० : सेनापती बापट यांचा जन्म, पारनेर. १८९६ : सालिम अली यांचा जन्म, मुंबई. १९३० : लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद सुरू. १९४६ : मदनमोहन मालवीय यांचे निधन. १९४७ : कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांसाठी गांधीजींचे दिल्ली आकाशवाणीवरून भाषण, तेही दिवाळीच्या दिवशी. एकमेकांशी घेणंदेणं नसलेली माणसं लग्नाच्या पंगतीत बसावीत तशी इथे शेजारी बसतात.

या पंगतीत बापट आणि सालिम अली यांच्या मधोमध मला नेहमी एक पक्षी दिसतो. शीळकरी कस्तूर.

लांबून काळा वाटतो. ऊन पडलं की कपाळावर आणि खांद्यावर गडद निळाई चमकते. नर-मादी सारखेच. राहायला सह्याद्रीतले ओढे आणि धबधबे, खायला खेकडे, गोगलगायी, गांडुळं, किडे आणि रानफळं. खेकडा दगडावर आपटून खाताना अगदी रांगडा दिसतो. पण पावसाळ्यात उजाडण्याआधी तोच असा गातो की कुणीतरी पोरगं शीळ घालत ओढ्याकाठी रेंगाळलंय असं वाटावं. घरटं कोसळत्या पाण्याजवळच्या कपारीत, शेवाळ, मुळं आणि चिखल यांचं. दोन-तीन, क्वचित चार अंडी, आणि साधारण सोळा-सतरा दिवसांची उबवण. पाऊस सरला की गाणंही ओसरतं. म्हणजे बारा नोव्हेंबरला, सालिम अलींच्या वाढदिवशी, हा गवई बहुधा गप्पच असतो.

लखनौला येऊन १९२६ मध्ये संगीताचं कॉलेज उभारणारे भातखंडे मुंबईचे. इतक्या घराण्यांच्या चिजा त्यांनी स्वरलिपीत बांधल्या. ही शीळ त्यांना बांधता आली असती का? मला वाटतं, नसती. तिला षड्जच सापडत नाही. सुरू होते, भरकटते, मधेच सोडून देते.

माझ्या आजीचं आजोळ मुळशीच्या खोऱ्यातलं. ते गाव तिने पाहिलेलं नव्हतं. तिच्या आईकडून ऐकलेलं होतं. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांचं धरण आलं, आणि १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. त्याच लढ्यातून पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. तुरुंगवास झाले, धरण झालंच. जमीन गेली. आजी गावाबद्दल सांगताना घरांचं फारसं बोलत नसे. ओढ्याचं बोले, आणि पहाटे तिथे शीळ घालणाऱ्या ‘त्या पोराचं’. पक्ष्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. मला ते पुढे सालिम अलींच्या पुस्तकामुळे कळलं.

साठ वर्षांनी केरळात सायलेंट व्हॅलीवर धरण येऊ घातलं, तेव्हा ते जंगल राखा म्हणणाऱ्यांत सालिम अलीही होते. तो प्रकल्प रद्द झाला. १९८४ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. तेही याच कस्तुराचं रान. एका खोऱ्यात माणसं हरली, दुसऱ्यात जंगल तरलं, असा हिशोब मांडायचा मोह होतो. पण मुळशीच्या वेळी पाखरांचं कुणी विचारलंच नव्हतं. माणसांचंच विचारत नव्हते. आणि विजेचं म्हणाल तर ती मलाही हवीच असते, लखनौच्या मे महिन्यात तर फारच.

परवा मुलीला या शीळेचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. ती इथलीच, दयाळ आणि बुलबुल ओळखते, सह्याद्री सुट्टीपुरता. ऐकून म्हणाली, “ये कौन भैया है?” मी म्हटलं, पणजीच्या गावचा आहे. कुठलं गाव, तर पाण्याखालचं. मग हा गातो कुठे?

ताम्हिणीत, म्हटलं. धरणाच्या वरच्या अंगाला, ओढ्यांवर. जूनमध्ये जायचं ठरवलंय. तिकिटं अजून खुली झालेली नाहीत.