‘येते’ म्हणून जावं

कोयनानगरच्या आमच्या पाळणाघरात साडेबाराला वरणभात उरकतो, तोंडं पुसून होतात आणि सतरंजीवर वाकळा पसरू लागतात. तेवढ्यात सकाळभर ठोकळे रचणारं एखादं पोर दाराकडे धावतं. कडीला हात पुरत नाही, मग दारावर डोकं टेकून ‘आई’ म्हणून टाहो फोडतं.

“बाई, खेळताना रमतो, मग झोपतानाच का रडतो?” हा प्रश्न मी बावीस वर्षं ऐकतेय. सकाळी आई नजरेआड झालेली असते. आता डोळे मिटले की बाईही दिसेनाशा होणार. आठव्या महिन्याच्या आसपास बाळाला कळू लागतं की न दिसणारं माणूसही कुठेतरी असतं. ते परत येतं, हा भरवसा बसायला मात्र वेळ लागतो. दहा ते अठरा महिन्यांत ही धास्ती सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बहुधा ओसरते.

गेल्या पावसाळ्यात सोळा महिन्यांचा एक मुलगा आला. आजीचा सल्ला होता, “त्यो खेळतोय तवर मागल्या दारानं सटक.” आई आठवडाभर तशीच सटकली. परिणाम असा, की तो जेवतानाही माझा पदर सोडेना, आणि पेंग आली तरी दार करकरलं की दचकून उठे. नजर हटली की माणूस नाहीसं होतं, एवढंच तो शिकला होता.

आपल्यात घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. मी आईला तेच करायला लावलं. पुढच्या दारात, त्याच्यासमोर, एकदाच कुशीत घेऊन सांगायचं, “झोपून उठलास, खाऊ खाल्लास की मी आले. येते हं!” मग निघायचं, तीनदा मागे वळायचं नाही. ‘तीन वाजता’ त्याला कळत नाही, ‘खाऊनंतर’ कळतं. आणि खाऊनंतर यायचंच.

पहिले दोन दिवस तो जास्तच रडला. मला त्याचं वाईट वाटलं, पण काळजी वाटली नाही. काळजी गप्प मुलाची असते. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमधल्या इस्पितळात आठ दिवस आईविना राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा माहितीपट केला. ती फारशी रडत नव्हती, पण तिचं ते शहाणपण हे दुःख गिळणं होतं, हे त्यातून डॉक्टरांना दिसलं.

बाकीचं काम सवयीचं. रोज तोच क्रम: जेवण, पाणी, पडदा, अंगाई. आईच्या जुन्या लुगड्याची वाकळ, पहिला आठवडा न धुता, कारण तिला आईचा वास असतो. पाठीवर थोपटणारा हात हळूहळू हलका करायचा, चार दिवसांनी हातभर लांब बसायचं. मूल जागं असतानाच “पाणी पिऊन येते” म्हणून उठायचं आणि लगेच परतायचं. या वयात रात्र धरून अकरा ते चौदा तास झोप लागते. दुपारची बुडाली की संध्याकाळी चिडचिड ठरलेली.

आजीच्या सल्ल्यामागची भीती मला उशिरा कळली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपात ती लहान होती, झोपेतच घर हाललं होतं. अजूनही बारीक धक्का बसला की ती आधी नातवाला छातीशी कवटाळते. मूल भीती अशी चेहऱ्यावरून वाचतं. मी तिला दोन दुपारी शेजारी बसवून घेतलं, थोपटायला लावलं.

पुढच्याच आठवड्यात, सगळी निजलेली असताना, मांडणीवरची भांडी क्षणभर किणकिणली. त्यानं डोळे उघडून थेट माझ्याकडे पाहिलं. माझ्या छातीत धडधडत होतं. थोपटण्याची लय मात्र मी मोडू दिली नाही. त्यानं वाकळेचा काठ मुठीत धरला आणि कूस बदलली.