स्टॅफर्ड गांवीं एक दिवस

परदेशीं मुलाकडे जाऊन आलेल्या पेन्शनर गृहस्थाकडून वाचकांची अपेक्षा ठराविक असते. त्यानें लंडनच्या पुलाचें व शेक्सपिअरच्या घराचें वर्णन करावें, थंडीची तक्रार करावी आणि शेवटीं घरच्या फोडणीच्या पोह्यांची आठवण काढावी. हें सर्व माझ्याकडूनही यथासांग झालें. परंतु आज मी लिहिणार आहें तें अशा एका गांवाविषयीं, कीं जेथें आपल्याकडील प्रवासी सहसा उतरत नाहींत. त्या गांवाचें नांव स्टॅफर्ड.

२०२३ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां चिरंजीवाकडे बर्मिंगहॅम येथें होतों. एके दिवशीं सकाळीं मीं स्टॅफर्डचा बेत सांगितला, तेव्हां सूनबाई हंसून म्हणाली, "मामंजी, लोक येथें येऊन राजवाडे पाहतात, आणि आपण इस्पितळ पाहावयास निघालांत!" तिचें म्हणणें खरें होतें. पण त्या इस्पितळाची हकीगत मीं पूर्वीं वाचली होती व ती माझ्या मनांत कांट्यासारखी रुतून बसली होती. कां, तें पुढें येईलच.

बर्मिंगहॅमहून आगगाडीनें अर्ध्या-पाऊण तासांत स्टॅफर्ड येतें. स्टेशनाबाहेर पडतांच व्हिक्टोरिया पार्क नांवाची बाग लागते व तिच्या कडेनें सो नांवाची नदी वाहते. आपल्याकडील ओढ्याएवढाच तिचा जीव; परंतु कांठ कसे निर्मळ! मासे धरण्याच्या छंदावर १६५३ सालीं ग्रंथ लिहून नांव मिळविणारा आयझॅक वॉल्टन हा येथलाच. पुढें बाजारपेठेंत १५९५ सालीं बांधलेलें लांकडी चौकटीचें एक भव्य घर आहे. पहिल्या चार्ल्स राजानें १६४२ सालीं तेथें मुक्काम केला होता. फळवाले, म्हाताऱ्या बायकांच्या हातगाड्या, बांकावर ऊन घेत बसलेले वृद्ध, असें तें शांत गांव. अशा गांवांत कांहीं भयंकर घडलें असेल असें कोणास वाटणार नाहीं.

आणि तरी तें घडलें. जानेवारी २००५ ते मार्च २००९ या काळांत येथील इस्पितळांत रोग्यांची जी हेळसांड झाली, तिच्यासाठीं सरकारास जाहीर चौकशी नेमावी लागली. रॉबर्ट फ्रान्सिस या कायदेपंडितांचा तीन खंडांचा अहवाल ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं प्रसिद्ध झाला; त्यांत २९० शिफारसी आहेत. पाण्याचा पेला रोग्याच्या हातास लागणार नाहीं इतका दूर ठेवलेला, हांक मारली तर कोणी येत नाहीं, मळलेल्या चादरी तासन् तास तशाच, अशा साक्षी नातेवाइकांनीं दिल्या. पैशाची बचत व सरकारी उद्दिष्टांची पूर्ति यांवर व्यवस्थापकांची दृष्टि खिळली होती. खाटेवरील मनुष्याकडे ती वळली नाहीं. ज्यूली बेली नांवाच्या बाईंची वृद्ध आई या इस्पितळांत २००७ सालीं वारली. बाईंचें गांवांत लहानसें उपाहारगृह होतें. तेथें त्यांनीं आपल्यासारख्या दुःखी माणसांना जमविलें आणि तेथून ही हांक लंडनपर्यंत पोंचली.

वाचकहो, येथें एक प्रश्न उभा राहतो. गांवाला नगरसभा होती, परगण्याला काउंटी कौन्सिल होतें. त्यांचें लक्ष कोठें होतें? इंग्लंडांत ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हां नगरसभांचीं इस्पितळें त्यांच्या हातून गेलीं. वृद्ध व अपंग यांची काळजी घेण्याचें काम मात्र स्थानिक संस्थांकडे राहिलें. पुढें २००१ च्या कायद्यानें इस्पितळांच्या कारभारावर देखरेख करण्याचा अधिकार मोठ्या कौन्सिलांना मिळाला व २००३ पासून तो अमलांत आला. लोकनियुक्त सभासदांच्या समितीनें अधिकाऱ्यांस बोलवावें, प्रश्न विचारावे, त्यांनीं उत्तरें द्यावीं, अशी ही योजना. म्हणजे स्टॅफर्डच्या दुर्दैवाचीं तीं चार वर्षें समित्या अस्तित्वांत असतांनाचींच आहेत. त्या बसत होत्या, अहवाल घेत होत्या. परंतु समोर आलेल्या चिन्हांचा अर्थ त्यांना उमगला नाहीं, असा फ्रान्सिस यांचा निर्णय आहे. म्हणूनच त्यांनीं सुचविलें, कीं समित्यांना जाणकारांचें साह्य असावें आणि स्वतः जाऊन तपासणी करण्याची शक्ति असावी. कागद येईल तो मुकाट्यानें दाखल करून घेणें हें काम नव्हे.

मी पायींच वेस्टन रोडवरील तें इस्पितळ पाहावयास गेलों. जुनी संस्था विसर्जित होऊन १ नोव्हेंबर २०१४ पासून तें 'काउंटी हॉस्पिटल' या नांवानें शेजारच्या स्टोक शहरांतील मोठ्या इस्पितळाशीं जोडलें गेलें. दाराशीं एक तरुण परिचारिका एका आजोबांची चाकांची खुर्ची ढकलीत होती व त्यांचें रडगाणें हंसतमुखानें ऐकत होती. एवढ्यावरून निर्णय काढणें योग्य नव्हे, हें मला कळतें. पण एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. एप्रिल २०१३ मध्यें हेंच इस्पितळ मोडीत निघेल या भीतीनें गांवांतील हजारों लोक रस्त्यावर उतरले. ज्या घरानें दुखविलें तेंच टिकावें, पण सुधारून टिकावें, ही इच्छा मला फार मानवी वाटली.

दुपारीं कौन्सिलाच्या आरोग्यसमितीची बैठक होती. तेथें कोणीही जाऊन बसावें. कामकाजाचे कागद पांच दिवस आधीं सर्वांस खुले असतात. मी मागच्या रांगेंत बसलों. इस्पितळाच्या एका अधिकाऱ्यांनीं पडद्यावर आंकडे दाखविले. आंकडे उत्तम होते. तेव्हां एका पांढऱ्या केसांच्या सभासद बाईंनीं चष्मा काढून शांतपणें विचारलें, "हें आपण स्वतः जाऊन पाहिलें आहे काय?" अधिकारी क्षणभर थांबले व म्हणाले, "या महिन्यांत नाहीं." बाईंनीं तेवढेंच टिपून घेतलें.

त्या एका प्रश्नानें माझ्या मानेवर घाम आला. आतां माझ्या कांट्याची गोष्ट. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ सालीं सुरू झाल्यावर आपल्याकडेही गांवोगांव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता यांची समिती झाली. वर्षाला दहा हजार रुपयांचा निधि तिला मिळूं लागला. मी शिकवीत होतों त्या खेड्यांत शिक्षक म्हणून माझें नांव समितींत होतें. नोंदवही शाळेंत येई. "उपकेंद्र नियमित उघडें असतें" या वाक्याखालीं मी मधल्या सुटींत चहा घेतां घेतां सही करी. एके पावसाळी सकाळीं सातवींतील एक मुलगी वर्गांत उशिरा आली. तिच्या आईला रात्रीं उपकेंद्रावर नेलें होतें, दाराला कुलूप होतें. जीप मिळून तालुक्याला पोंचेपर्यंत उजाडलें. आई वांचली, मूल गेलें. मुलगी हें सांगतांना रडली नाहीं. नोंदवही त्या वेळीं माझ्या टेबलावर पडली होती.

त्याच सुमारास, २००७ पासून, पुणें, ठाणें, अमरावती, नंदुरबार व उस्मानाबाद या जिल्ह्यांतील कांहीं गांवांत आरोग्यसेवेवर लोकांनींच देखरेख करण्याचा उपक्रम सुरू झाला होता. जनसुनवाईंत खेडुत बायका अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहून विचारीत, औषध कां मिळालें नाहीं, पैसे कां घेतले. त्यांना मॅट्रिकची परीक्षा ठाऊक नव्हती. पण माझ्याहून त्या अधिक शिकलेल्या होत्या.

कौटिल्यानें अर्थशास्त्राचें दुसरें अधिकरण सबंध अध्यक्षांच्या कामांस वाहिलें आहे. 'अध्यक्ष' या शब्दाचा संस्कृतांत प्रत्यक्ष पाहणारा असाही अर्थ होतो. तीस वर्षें मीं हा शब्द मुलांना शिकविला. त्याचा अर्थ स्टॅफर्डच्या त्या बाईंनीं मला शिकविला.

परत आल्यावर एका मंगळवारीं मी त्या खेड्यास गेलों. उपकेंद्र उघडें होतें. नर्सबाईंनीं खुर्ची दिली. मीं औषधांची यादी मागितली व कपाटाशीं उभें राहून एकेक मोजलें. दोन औषधें संपलीं होतीं. नर्सबाई म्हणाल्या, "गुरुजी, मीं दोनदां मागणी केली आहे, कोणी विचारीत नाहीं म्हणून राहून जातें." समितीच्या संमतीनें मीं तें वहींत लिहिलें, तारीख घातली, आणि मग सही केली. पुढच्या महिन्यांत पुन्हां जावयाचें आहे.