गणेशखिंडीतला काळा दगड

सह्याद्रीचा काळा दगड पुण्याला नवा नाही. वाड्यांची जोती त्याची, देवळांच्या पायऱ्या त्याच्या, नदीचे घाटही त्याचेच. पण हा दगड किती तऱ्हांनी बोलतो हे पाहायचं, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात पायी हिंडावं.

वडांच्या सावलीतून आधी मुख्य इमारत खुणावते. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६४ मध्ये, तिचं काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये पुरं झालं. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा, थाट इटालियन: उंच मनोरा, कमानींच्या रांगा, पुढे ऐसपैस हिरवळ. पावसाळ्यातल्या गव्हर्नरांच्या मुक्कामासाठी उभारलेलं हे घर. त्यांचं आणि वास्तुविशारदाचं नाव इतिहासात राहिलं. पाथरवटांची छिन्नी मात्र चिऱ्याचिऱ्यात आहे.

१८९७ साली पुण्यात प्लेगनं थैमान घातलं होतं. रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्चला मुलींसाठी शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ या घरात रंगला. तिथून परतणारे प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. शहर एक, वर्ष एक. झोपड्यांमधला आकांत आणि या घरातली रोषणाई यांत मात्र केवढं अंतर!

ते अंतर पुढे लोकांनी तोडलं. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि लाटसाहेबांचं घर विद्येचं घर झालं. तिथल्या सभागृहाला संत ज्ञानेश्वरांचं नाव मिळालं. २०१४ मध्ये अख्ख्या विद्यापीठालाच सावित्रीबाईंचं नाव लाभलं. इमारत न पाडताही तिचा अर्थ पालटता येतो, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

याच आवारात आयुका आहे. जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं १९८८ मध्ये स्थापन झालेली ही खगोलशास्त्राची संस्था चार्ल्स कोरिया यांनी घडवली. तिची भिंत जवळून पाहावी. खाली इथलाच काळा दगड, त्यावर त्याहून काळा कडप्पा आणि सर्वांत वर घोटून चकचकीत केलेला ग्रॅनाइट. त्या वरच्या थरात आभाळ आणि ढग उतरतात, आणि भिंत कुठे संपली ते क्षणभर कळत नाही. आत देवळाच्या कुंडासारखं अंगण. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आईन्स्टाईन यांचे पुतळे तिथे सोबतीनं आहेत. जुन्या इमारतीचा मनोरा नजर वर ओढून घेतो. इथे जमिनीकडे उतरतानाच मन आकाशाला भिडतं. सव्वाशे वर्षांच्या अंतरानं तोच दगड सत्तेकडून जिज्ञासेकडे आला.

आता आवारात काचेच्या आणि काँक्रीटच्या इमारतीही वाढताहेत. वाढोत, विद्यार्थी वाढले की वर्ग वाढायलाच हवेत. मात्र प्रत्येक नव्या आराखड्याला दोन प्रश्न विचारावेत. इथल्या उन्हापावसाची ओळख याला आहे का? आणि दूरच्या खेड्यातून, घरातली पहिलीच शिकणारी म्हणून आलेल्या मुलीला हे दार आपलं वाटेल का? ज्या आवाराला सावित्रीबाईंचं नाव आहे, तिथे दुसऱ्या प्रश्नाला होकार मिळाल्याशिवाय पायाचा दगड बसू नये.