वळणावर नजर कुठे असावी?

मराठीत 'वळण' हा शब्द मोठा गमतीचा. रस्त्याला वळण, अक्षराला वळण, मुलांनाही वळण! बी.ए.ला मराठी घेतलेल्या माणसाला त्याचे कौतुक असणारच. पण पंचेचाळिशी ओलांडल्यावर माउंटन बाईक शिकू लागलो आणि या शब्दाने भलताच घाम काढला.

सायकल मुलीची. नोकरीसाठी पुण्याला जाताना तिने अट घातली, "बाबा, विकायची नाही, चालवायची." माझी साखर सीमेवर आलेली, म्हणून मीही मान डोलावली. जाण्याआधी तीन रविवार तिने मला शिकवले. घरी आई अंथरुणाला खिळलेली, तिला उचलून बसवणारा मीच. माझे मनगट मोडले तर पंचाईत दोघांची. त्यामुळे सरळ रस्त्यापेक्षा मला वळणाचीच धास्ती होती.

आम्ही जातो पर्वरी-सुकूरच्या पठारावर. जांभ्याचा सडा तो. पावसात शेवाळ, आणि उन्हाळ्यात ज्वारीच्या दाण्यापासून बोराएवढे सुटे गोल खडे. चाकाखाली बॉल बेअरिंग पसरल्यासारखे! अशा वळणावर नवख्या माणसाचा हात आपसूक ब्रेकवर जातो, आणि घात नेमका तिथेच होतो. टायरची पकड ही बजेटच्या हेडसारखी असते. ठरलेली रक्कम ब्रेकवर खर्च केली की वळायला शिल्लक राहत नाही. मागचे चाक घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले की माणूस जमिनीवर. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. वळणात शिरलो की बोटे ब्रेकवर नुसती टेकलेली.

या खेळाची सुरुवातही ब्रेकच्या गोष्टीनेच झाली म्हणा ना. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळ काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून शर्यत लावू लागले. उतरताना मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई, ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. पुढे वीस वर्षांनी, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, माउंटन बाइकिंग दाखल झाले.

दुसरी गोष्ट अंगाची. पायलटच्या मागे बसून पणजीत हिंडलेल्या आम्हा गोंयकारांना वळणावर मोटारसायकलबरोबर झुकायची सवय. सुट्या खड्यांवर ते चालत नाही. झुकवायची ती सायकल, अंग वर राहू द्यायचे. डावीकडे वळताना उजवे पेडल खाली आणि सगळा भार त्या पायावर, म्हणजे टायर जमिनीत रुततो. डाव्या हाताने हँडल किंचित खाली दाबायचे, कोपर बाहेर. त्यासाठी सीट खाली घ्यावी, नाहीतर सायकलला मांडीखाली हलायला जागाच नसते. टायरमध्ये हवाही रस्त्यावरच्यापेक्षा कमी. माझ्या वजनाला तीस पौंडांच्या आसपास बरी पडते.

पण हे सगळे नंतरचे. खरी मेख नजरेत आहे. दगडाला भिऊन दगडाकडेच बघत राहिले की सायकल इमानदारीने दगडावरच जाते! मुलगी वळणाच्या पलीकडे, जिथून बाहेर पडायचे तिथे, उभी राहायची आणि ओरडायची, "बाबा, माझ्याकडे बघा, चाकाकडे नको!" तिच्याकडे बघितले की मान वळायची, मानेमागून खांदे, खांद्यांमागून हँडल. दगड बाजूला राहून जायचा.

आता पलीकडे कोणी उभे नसते. म्हणून मी तिथले एखादे काजूचे झाड ठरवतो आणि त्याच्याकडे बघत वळतो. आठ आठ फेऱ्या, त्याच एका वळणावर. डावे वळण आता बऱ्यापैकी जमते. उजवे अजून अडते. बहुतेकांची एक बाजू अशी कच्ची असतेच म्हणे. रविवारी रात्री तिचा फोन येतो, आजीची चौकशी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला, "उजवीकडचं झालं का?" मी सांगतो, फाईल विचाराधीन आहे.